बागेतल्या सहा बाटल्या आणि टीवायचा प्रोजेक्ट

पत्र (थोडं कमी करून):

“मॅडम, मी देवगड तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. बारावीनंतर दोनदा नीट दिली. मेडिकलएवढे मार्क पडले नाहीत म्हणून बीएस्सीला आले. आता तिसऱ्या वर्षाला, टीवाय झूलॉजीला आहे. विषय आवडायला लागलाय, पण आवडायला उशीर झाला असं वाटतं. आतापर्यंत ६८ टक्के आहेत. प्रॅक्टिकल म्हणजे चार्ट बघून जर्नलमध्ये आकृत्या काढायच्या. प्रोजेक्टसाठी सीनियर मुली त्यांची जुनी फाइल देतात, गावाचं नाव बदलायचं आणि झेरॉक्सवाल्याकडून बाइंड करून आणायचं. इंग्रजी शोधनिबंध वाचायला घेतला तर पहिल्याच परिच्छेदात अडकते. घरी म्हणतात, एमपीएससी कर नाहीतर बीएड. चौथं वर्ष करू, एमएस्सी करू, की हे सगळं सोडू? पत्राला उशीर झाला, माफ करा. आंब्याचा हंगाम होता. बागेतल्या सहा सापळ्यांमधल्या माश्या काढायच्या आणि बाबांना आकडा सांगायचा, हे काम माझ्याकडे असतं.”

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी शेवटच्या वाक्यापाशी थांबले. माफी मागता मागता तू लिहून गेलीस की सापळ्यातल्या माश्या तू मोजतेस. किती वर्षं मोजतेस? ते आकडे कुठे लिहून ठेवलेस का? उत्तराची सुरुवात मला इथूनच करायची आहे. चौथं वर्ष की एमएस्सी हे तुला आज ठरवताच येणार नाही. एक काम स्वतःच्या हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केल्याशिवाय हा विषय आपला आहे की नाही, ते कुणालाच कळत नाही. तुझ्याकडे ते काम झाडाला टांगलेलं आहे.

तुझा सापळा म्हणजे एक बाटली, आणि फळात अंडी घालणाऱ्या फळमाश्यांना ओढायला तिच्यात लावतात ते रसायन म्हणजे मिथाइल युजेनॉल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा कोकणातल्या बागांमध्ये सगळ्यांना माहीत आहे, तो याच रसायनावर चालतो. पण याची गोष्ट सुरू होते ती बिहारमध्ये, पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत. तिथे हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरणाऱ्या एका शेजाऱ्याकडे फळमाश्या जमतात, हे १९१२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं. आणि जमणाऱ्या माश्या सगळ्या नर होत्या. त्यांनी तो धागा सोडला नाही. १९१५ साली त्यांनी दाखवून दिलं की नरांना ओढणारं रसायन मिथाइल युजेनॉल आहे. शेजाऱ्याच्या तक्रारीतून निघालेली ही गोष्ट आज तुझ्या आंब्याच्या कलमाला लटकते आहे.

पुढची गंमत तुझ्या टीवायच्या पेपरांमध्ये पसरलेली आहे. नर ते रसायन खातो, शरीरात त्याचं रूपांतर होतं आणि ते मागच्या आतड्याजवळच्या ग्रंथीत साठतं. मादीला बोलावण्याच्या गंधात मग ते वापरलं जातं. ज्या नराने ते खाल्लंय त्याला जोडीदार मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे शरीरक्रिया, फेरोमोन, वर्तन आणि लैंगिक निवड, हे तुझे चार वेगवेगळे धडे एका माशीत एकत्र येतात. १९६० च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर हेच रसायन कीटकनाशकात मिसळून त्याचे तुकडे सगळीकडे टाकले. नर संपले, माद्यांना जोडीदार उरले नाहीत आणि बेटावरून ही माशी नाहीशी झाली. जपानने ओकिनावातून भोपळा-काकडीवरची फळमाशी १९९३ पर्यंत घालवली, ती किरणोत्साराने वांझ केलेल्या माश्या कोट्यवधींच्या संख्येने सोडून. जनुकशास्त्राच्या पेपरात ‘गुणसूत्रांवर किरणांचा परिणाम’ असा मुद्दा तू पाठ करत असशील, तो शेतात असा दिसतो.

आणि हे तुझ्या घरापर्यंत येतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्याला बंदी घातली होती, कारण पेट्यांमध्ये फळमाशी सापडत होती. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. तेव्हा तू लहान होतीस. त्या वर्षी दराचं काय झालं, ते बाबांना विचार.

आता प्रोजेक्ट. सरांना ‘फळमाश्यांचा अभ्यास’ असा विषय देऊ नकोस. तो विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर चुकीचं निघू शकेल. मला सुचतो तो असा: आंबा झाडावर नसतो तेव्हा ही माशी कुठे असते? तुम्ही बहुधा हंगाम संपला की सापळे उतरवत असाल. या वर्षी उतरवू नका. तीन बाटल्या कलमांमध्ये ठेव, तीन घराजवळ जिथे पेरू, चिकू किंवा देशी बदाम असेल तिथे. दोन्ही ठिकाणी बाटल्यांमध्ये भरपूर अंतर ठेव, नाहीतर एक सापळा दुसऱ्याच्या माश्या ओढेल. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत दर रविवारी मोज. घराजवळच्या सापळ्यात दिवाळीतही नर येत राहिले आणि कलमांमध्ये आले नाहीत, तर तू बाबांच्या उपयोगाचं काहीतरी शोधलंस. दोन्हीकडे सारखेच आले, तर तेही शोधलंस.

यात काही अडचणी आहेत आणि त्या सोडवणं हाच खरा अभ्यास आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एक सातवी बाटली लाव, जिच्यात मिथाइल युजेनॉल नाही. ती रिकामीच राहणार, असं तू म्हणशील. राहीलही. पण लावून बघितल्याशिवाय तसं लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही. सगळ्या सापळ्यांतला रसायनात भिजवलेला ठोकळा एकाच दिवशी बदल, कारण जुना ठोकळा कमी वास सोडतो आणि मग तू माश्यांऐवजी ठोकळ्याचं वय मोजत बसशील. पावसाची नोंद ठेव. सरळ उभ्या भिंतींचा पत्र्याचा डबा आणि पट्टी तेवढ्यासाठी पुरते. ऑगस्टात आकडा खाली आला तर माश्या कमी आहेत, की पावसात उडत नाहीत, की वास धुऊन गेला? सापळा एकटा याचं उत्तर देऊ शकत नाही. हे तू प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिहिलंस तर कुठलाही जाणता परीक्षक तुझ्याकडे मान वर करून बघेल.

दुसरं, सापळ्यात येतात ते जवळजवळ फक्त नर. आंब्यात अंडी घालते ती मादी, आणि ती तुझ्या बाटलीत सहसा येत नाही. त्यामुळे बाटलीतला आकडा म्हणजे बागेचं नुकसान नव्हे. नुकसान बघायचं असेल तर पडीची, म्हणजे झाडाखाली गळून पडलेली, फळं गोळा कर. पेरूच्या दिवसांत पेरू घे, मार्चनंतर आंबे. प्रत्येक फळ वेगळ्या डब्यात, खाली चाळलेली कोरडी वाळू, वर सुती कापड आणि रबर. अळ्या फळातून बाहेर उड्या मारतात आणि वाळूत शिरून कोष करतात. आठ-पंधरा दिवसांत माश्या निघतील. त्यात नर किती आणि माद्या किती ते मोज, मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची सोंड दिसते. एखाद्या डब्यातून माशीऐवजी बारीक, लांब मिशांची गांधीलमाशीसारखी परजीवी निघाली तर ती फेकू नकोस. कुणी तरी फळमाशीलाच खात होतं, हे तुला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसलेलं असेल.

तिसरं, ओळख. बाटलीतल्या सगळ्या माश्या एकाच जातीच्या आहेत असं धरून चालू नकोस. मिथाइल युजेनॉलला आपल्याकडे मुख्यतः तीन जाती येतात: बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा. पंख बघ. डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेला सलग गडद पट्टा असतो. बाकी दोघींमध्ये तो तुटक असतो आणि टोकाला एक ठिपका उरतो. मग तोंड बघ. झोनाटाच्या तोंडावर दोन सुटे काळे ठिपके, करेक्टामध्ये ते जोडून आडवी रेघ झालेली. कॉलेजमधला डिसेक्टिंग मायक्रोस्कोप यासाठी पुरेसा आहे आणि तो बहुतेक कपाटात बंद असतो. लॅबमधल्या काकांशी बोलून घे. काही नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेव आणि लेबल पेन्सिलने लिही, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. हातमोजे घालूनच सापळे हाताळ. मिथाइल युजेनॉल अंगाला लागू देण्याजोगं नाही आणि सापळ्यात कीटकनाशकही असतं.

चौथी गोष्ट संख्याशास्त्राची, आणि इथे एमएस्सीची मुलंही चुकतात. एका बाटलीत नऊशे माश्या आल्या म्हणून तुझे नमुने नऊशे होत नाहीत. तुझे नमुने सहा, कारण सापळे सहा आहेत. एका बाटलीतल्या नऊशे माश्या एकाच झाडाची, एकाच वाऱ्याची गोष्ट सांगतात. म्हणून नुसती सरासरी काढून मोकळी होऊ नकोस. आलेख कागदावर सहाही सापळ्यांच्या सहा रेषा वेगवेगळ्या पेन्सिलींनी काढ. पुष्कळ काही तिथेच दिसेल. मग गणिताच्या किंवा स्टॅटच्या सरांना तो कागद दाखव. हातात स्वतःचे आकडे घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कुठलेही शिक्षक परत पाठवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सीनियरच्या फाइलबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. माझ्या टीवायला मीही तेच केलं. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा जुना प्रोजेक्ट, गाव बदललं, तक्ता तसाच ठेवला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “हा आकडा कुठून आला?” मला सांगता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत, पुढच्या पानावर गेल्या. मार्कही बरे पडले. पण तो प्रश्न मी पुढे कितीतरी वर्षं बरोबर घेऊन हिंडले, आणि आता माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तोच विचारते. तुझ्या वहीत तारीख, वेळ, सापळा क्रमांक आणि कच्चा आकडा जागेवरच लिहिलेला असू दे. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिही, पान फाडू नकोस.

सर ‘कशाला एवढं’ म्हणाले तर? म्हणू शकतात. त्यांच्याकडे चाळीस मुलांचे प्रोजेक्ट असतील. तू एकच कागद घेऊन जा: प्रश्न काय, सापळे कुठे, कधी मोजणार, त्यांच्याकडून काय हवं. मायक्रोस्कोप आठवड्यातून दोन तास आणि थोडं अल्कोहोल, एवढंच हवं असेल तर ते बहुतेक हो म्हणतील.

इंग्रजीचं आता. शोधनिबंध पहिल्या परिच्छेदापासून वाचायचा नसतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही. प्रस्तावना हा त्यातला सगळ्यात अवघड भाग असतो, कारण तिथे लेखक त्या क्षेत्रातल्या लोकांशी बोलत असतो. तू आधी आलेख आणि तक्ते बघ. मग ‘पद्धती’ वाच: किती सापळे, किती उंचीवर, किती दिवस. हे सगळं तू हाताने केलेलं असल्यामुळे शब्द आपोआप लागतील. फळमाशी आणि मिथाइल युजेनॉलवरचा एकच निबंध निवड आणि पावसाळाभर तोच वाच. समासात मराठीत लिही. मला पहिला निबंध पुरा करायला अकरा संध्याकाळी लागल्या होत्या, दुसऱ्याला चार. आणि वाचलेलं बाबांना मराठीतून सांगून बघ. ज्या ठिकाणी अडखळशील ते तुला अजून समजलेलं नाही, मग ते वाक्य इंग्रजीत कितीही पाठ असो.

आता तुझा सरळ प्रश्न. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते आणि पुढे एमएस्सी एका वर्षाची होते. चौथ्या वर्षात संशोधनाचा मार्ग घ्यायचा तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तू ६८ वर आहेस. दोन सत्रांत सगळी सरासरी तिथे नेणं फार कठीण आहे, आणि त्यामागे धावताना बाटल्या बाजूला पडतील. माझं मत विचारशील तर, ज्या कॉलेजमध्ये संशोधन चालतच नाही तिथे चौथं वर्ष काढू नकोस. तीन वर्षांची पदवी घे आणि दोन वर्षांच्या एमएस्सीसाठी विद्यापीठाच्या विभागात जा, जिथे संध्याकाळी सातलाही लॅबचा दिवा चालू असतो. काही मुलींना घरापासून दूर जाता येत नाही, त्यांचं गणित वेगळं. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

त्यासाठी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा आहेत आणि आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम आहे. तुझ्यासाठी त्यातला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर. तो फेब्रुवारीत असतो, अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. त्यात जीवशास्त्राबरोबर बारावीच्या पातळीचं रसायन, भौतिकशास्त्र आणि गणितही विचारतात. झूलॉजीची बहुतेक मुलं तिथेच घाबरतात. तू नीटसाठी दोन वर्षं भौतिक आणि रसायन घासलंस. ती वर्षं वाया गेली असं तुला वाटतंय, पण या परीक्षेत तीच तुझ्या बाजूला उभी राहतील. गणित तेवढं नव्याने करावं लागेल.

आणखी एक अर्ज नक्की भर. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस इतर दोन अकादमींबरोबर उन्हाळी संशोधन फेलोशिप देते. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, विद्यावेतनासह. अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडाला मागवतात. त्यात तुला काय करायचं आहे याचं छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ‘मला संशोधनाची आवड आहे’ असं शेकडो मुलं लिहितात. तोवर तुझ्याकडे तीन महिन्यांचे सहा सापळ्यांचे आकडे असतील. तेच लिही.

पैशाचं न बोलता पुढे गेले तर ते तुझ्या घरच्यांवर अन्यायाचं होईल. नुसत्या झूलॉजीच्या बीएस्सीवर चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडी करताना सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, पण ती परीक्षा सोपी नाही आणि पहिल्या वेळेला न निघणं अगदी सामान्य आहे. म्हणून घरी एमपीएससीचं म्हणतात ते तू उडवून लावू नकोस. महाराष्ट्र वनसेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात, आणि जंगलात काम करणाऱ्या अधिकाऱ्याला मोजणं, नोंदवणं आणि शंका घेणं येत असेल तर त्या जंगलाचं भलंच होतं. बीएड करून आठवीच्या मुलांना पडीचा आंबा आणि वाळूचा डबा दाखवणारी बाई झालीस, तर ते मला एखाद्या पीएचडीइतकंच मोलाचं वाटेल. हे मी मन राखायला म्हणत नाही. तुला आणि मला तशी बाई भेटली नाही, त्याची किंमत आपण दोघींनी भरली आहे.

तेव्हा निर्णय जानेवारीपर्यंत लांबव. जानेवारीत वही उघड आणि स्वतःला विचार: पावसात, कातळावरून घसरत, रविवारी सकाळी त्या बाटल्यांपाशी जाताना कंटाळा आला होता की पुढचा आकडा बघायची घाई झाली होती? मला ते कळव, मग आपण चौथं वर्ष, एमएस्सी, वनसेवा यांवर पुन्हा बोलू.

बाबांना आधी सांगून ठेव की या वर्षी सापळे उतरवायचे नाहीत, आणि ठोकळ्यांचा जास्तीचा खर्च किती येईल तेही सांग. मागच्या हंगामातले आकडे कॅलेंडरच्या मागे, बिलाच्या पाठीवर, जिथे कुठे खरडलेले असतील ते शोधून तारखेसकट वहीच्या पहिल्या पानावर उतरव. ज्या आठवड्याचा आकडा सापडणार नाही ती जागा रिकामी सोड.